काठी कोणत्या हाती धरावी?

अंधेरी-कुर्ला रस्त्याला साकी-विहार रस्ता जेथे येऊन मिळतो, तो साकीनाक्याचा चौक सकाळच्या वेळी पाहण्यासारखा असतो. डोक्यावरून मेट्रो धावत असते, खाली बसगाड्या, रिक्षा आणि कारखान्यांकडे निघालेल्या माणसांची रीघ लागलेली असते. साष्टी बेटाचा हा भाग एके काळी भातशेतीचा होता. जवळच १८६० साली विहारचा व १८९१ साली पवईचा तलाव झाला. १९५० साली अंधेरीकडील उपनगरे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली आणि पुढे खाचरांच्या जागी लहानमोठे कारखाने व चाळी उभ्या राहिल्या. शेती गेली, परंतु शेतकरी मात्र या भागातून पुरता गेला असे म्हणता येणार नाही. येथे राहणाऱ्या अनेक कुटुंबांची घरे कोकणात अगर घाटावर अद्याप उभी आहेत. सुगी आटोपली की गावाकडील आईवडील दुखऱ्या गुडघ्यावर किंवा खुब्यावर औषधोपचार करून घेण्यासाठी मुलाकडे येतात आणि पेरणीचे दिवस जवळ आले की परतण्याची घाई करतात.

अशा माणसांच्या हाती बहुधा काठी असते. चौकात पाच-दहा मिनिटे थांबून त्या काठ्यांकडे नीट पाहिल्यास एक गोष्ट ध्यानी येते. डावा पाय लंगडत असो वा उजवा, काठी बहुतेकांच्या उजव्याच हातात असते. आपण जेवतो उजव्या हाताने, विळा धरतो उजव्या हाताने, तेव्हा काठीही उजव्या हातात जावी यात नवल नाही. ज्याचा डावा पाय दुखतो त्याला ही सवय नकळत फायद्याची ठरते. ज्याचा उजवा खुबा दुखतो त्याची काठी मात्र निम्म्याहून अधिक वाया जाते, एवढेच नव्हे तर ती त्याला एका अंगावर कलंडत चालावयास शिकविते.

नियम एका ओळीत सांगण्यासारखा आहे. खुबा, गुडघा किंवा घोटा दुखत असेल, तर काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. पुष्कळांना हा नियम प्रथम उलटा वाटतो. भिंत ज्या बाजूस कलते त्याच बाजूने तिला टेकू द्यावयाचा, असे आपण घर बांधताना शिकलेले असतो. पण चालणारा माणूस म्हणजे भिंत नव्हे. त्याचे गणित तराजूचे, किंवा अधिक नेमके सांगावयाचे तर कावडीचे आहे.

कावडीचे गणित

कावड खांद्यावर घेणाऱ्यास दोन गोष्टी अनुभवाने ठाऊक असतात. पहिली, दोन्ही टोकांची ओझी सारखी नसतील तर जड ओझे खांद्याजवळ व हलके ओझे लांब ठेवावे लागते. दुसरी, तोल कसाही साधला तरी खांद्यावर भार पडतो तो दोन्ही ओझ्यांच्या बेरजेचा.

आता चालण्याकडे पाहू. चालताना प्रत्येक पावलाला एक क्षण असा येतो की एक पाय हवेत असतो व सारे शरीर दुसऱ्या पायाच्या खुब्यावर तोललेले असते. येथे खुबा हा कावडीखालचा खांदा होय. एका बाजूस धड, डोके, हात व हवेतील पाय यांचे ओझे. दुसऱ्या बाजूस खुब्याच्या बाहेरच्या अंगाला असणारे कमरेचे जाड स्नायू. हे स्नायू कटीचे हाड आपल्याकडे ओढून धरतात म्हणून शरीर हवेतील पायाच्या बाजूस कोसळत नाही. हे स्नायू दुबळे झाले की कंबर त्या बाजूस खचते. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली ही खूण वर्णन केली आणि आजही डॉक्टर रोग्याला एका पायावर उभे करून ती पाहतात.

अडचण अशी की, शरीराचे ओझे खुब्यापासून लांब पडते आणि स्नायू मात्र खुब्याच्या अगदी लगत असतात. ६० किलो वजनाच्या माणसाचे ढोबळ उदाहरण घेऊ. उभ्या पायाचे सुमारे १० किलो वगळले तर खुब्यावर ५० किलो तोलावे लागतात. हा भार खुब्यापासून सुमारे १० सेंटिमीटर आतल्या बाजूस पडतो. स्नायूंची ओढ सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावर असते. म्हणजे तोल सांभाळण्यासाठी स्नायूंना दुप्पट, अर्थात १०० किलोच्या जोराने ओढावे लागते. कावडीच्या न्यायाने खुब्याच्या सांध्यावर येणारा भार ५० अधिक १००, म्हणजे १५० किलो. माणूस साठ किलोचा आणि सांध्यावर भार दीडशे किलोचा! झिजलेल्या सांध्याला प्रत्येक पावलास कळ का येते, हे एवढ्यावरून समजून येईल.

उजवा खुबा दुखत आहे असे समजून आता डाव्या हातात काठी देऊ आणि तिच्यावर फक्त ५ किलोचा दाब देऊ. हा हात खुब्यापासून लांब, सुमारे ४५ सेंटिमीटरवर असतो. कावडीच्या लांबच्या टोकाला दुसऱ्या कोणी नुसता हात लावला तरी खांदा कसा हलका होतो, तोच प्रकार येथे घडतो. आकडेमोड केल्यास स्नायूंची ओढ १०० किलोवरून ५५ वर येते आणि सांध्यावरील भार १५० वरून १०० किलोवर उतरतो. पाच किलोच्या दाबाने पन्नास किलोंची सुटका झाली. प्रत्येकाच्या हाडापेरांप्रमाणे हे आकडे थोडेफार बदलतील, परंतु व्यवहार याच प्रमाणात चालतो.

हीच काठी दुखऱ्या बाजूच्या हातात घेतली तर ती सांध्याच्या बाहेरच्या अंगाला पडते. ज्या बाजूस स्नायू खाली ओढीत असतात त्याच बाजूस काठी वर रेटू लागते. स्नायूंना मदत होण्याऐवजी त्यांच्याशी तिचा झगडा होतो. मग माणूस धड त्या अंगावर टाकून वाट काढतो, आणि काही महिन्यांत पाठ, खांदा व मनगट यांच्याही तक्रारी सुरू होतात.

अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली एका वैद्यकीय नियतकालिकात याच विषयावर लेख लिहिला होता व त्याला ‘काठी टाकून देऊ नका’ अशा अर्थाचे नाव दिले होते. त्यानंतर कृत्रिम सांधे आले, शस्त्रक्रिया सुधारल्या. पण तरफेचा नियम बदललेला नाही.

गुडघ्याच्या दुखण्यातही काठी विरुद्ध हातातच धरावी. दोन्ही पाय दुखत असतील तर अधिक दुखणारा पाय कोणता ते ठरवून त्याच्या विरुद्ध हात निवडावा. अर्धांगवायूने एक अंग लुळे पडलेल्या माणसाला चांगल्या हातातच काठी धरता येते. तो हात आपोआपच दुबळ्या पायाच्या विरुद्ध असतो. विरुद्ध हाताला दुखापत असली तर मात्र नियमाचा आग्रह न धरता डॉक्टरांना विचारावे.

उंची आणि मूठ

बाजारात मिळणारी लाकडी काठी बहुधा ३६ इंचांची असते आणि घेणारा ती तशीच वापरू लागतो. आपल्याकडील पुष्कळ स्त्रियांना व कित्येक पुरुषांनाही ही काठी उंच पडते. उंच काठीने खांदा वर चढतो, कोपर फार वाकते व खाली दाब देण्याची ताकद हातात राहत नाही. काठी नुसती सोबतीला चालते. ठेंगणी काठी माणसाला पुढे वाकविते आणि कंबर दुखू लागते.

माप घेण्याची रीत सोपी आहे. रोजची पादत्राणे घालून सरळ उभे राहावे, हात सैल सोडावेत. दुसऱ्या माणसाने काठी उलटी करून मूठ जमिनीवर टेकवावी आणि मनगटाची आडवी घडी जेथे येते तेथे खूण करावी. रबरी बुचाची जाडी वजा करून तेथे काठी कापावी. माप बरोबर असले तर काठी टेकल्यावर कोपर किंचित, साधारण १५ ते २० अंश, वाकलेले राहते. अंदाजासाठी सांगावयाचे तर १५० सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीला सुमारे ७० आणि १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला सुमारे ७६ सेंटिमीटरची काठी लागते. पण पाठ वाकलेली असेल तर हा अंदाज चुकतो, यास्तव मनगटाचे माप हेच खरे. अनवाणी माप घेऊन पुढे जाड तळाची चप्पल वापरली तरी काठी तोकडी पडेल.

अल्युमिनियमची कमीजास्त करता येणारी काठी घेतल्यास तिची कळ भोकात पुरी बसून ‘टक्’ असा आवाज झाला की नाही हे पाहावे व खालची चकती पिळून घट्ट करावी. चार पायांची काठी टेकताना चारही पाय एकदम जमिनीला लागले पाहिजेत. साकीनाक्यासारख्या ठिकाणच्या खाचखळग्यांच्या पदपथावर ते नेहमी साधत नाही. तेथे एका टोकाची काठी बरी.

मूठ तळहातावर पसरून बसेल अशी सपाट असावी. वाकवलेली गोल मूठ दुकानाच्या फळीला अडकवण्यास सोयीची, पण संधिवाताने बोटे आखडलेल्या हाताला ती टोचते. रबरी बूच रुंद व खाचांचे असावे. सर्जिकल साहित्याच्या दुकानांत ते अगदी थोड्या पैशांत मिळते. तळाच्या खाचा झिजून गुळगुळीत झाल्या की ते त्याच दिवशी बदलावे. माणसे चप्पल झिजली की ओरडतात, बूच झिजलेले कोणी पाहतही नाही.

पाऊल कसे टाकावे

काठी आणि दुखरा पाय यांची जोडी समजावी. दोघेही एकाच वेळी पुढे जावेत, दोघेही एकाच वेळी टेकावेत. नंतर चांगला पाय त्यांना ओलांडून पुढे यावा. काठीचे टोक पायाच्या बाहेरच्या बाजूस सुमारे १५ सेंटिमीटरवर पडावे व फार पुढे जाऊ नये. काठी दूर टाकून तिच्याकडे ओढत जाणारी माणसे ओल्या फरशीवर हमखास घसरतात.

दाब किती द्यावा हे शब्दांनी सांगणे कठीण आहे. शेतकऱ्याच्या घरी वजनकाटा असतोच. त्याच्या शेजारी उभे राहून काठीचे टोक काट्यावर टेकवावे आणि पाच किलोची खूण येईपर्यंत दाबून पाहावे. चार-दोन वेळा केल्यावर हाताला तो दाब कळू लागतो. दुखणे जास्त असल्यास दाब वाढवावा. पण दहा-पंधरा किलोंनीही भागत नसेल तर ती काठीची गरज नव्हे, कुबडीची किंवा चौकटीची आहे असे समजावे.

शेवटला मुद्दा घरच्या माणसांसाठी. पुष्कळ ठिकाणी मुलगा किंवा सून म्हातारीचा काठीचाच हात धरून तिला चालवितात. त्यामुळे काठीचे काम बंद पडते व दोघांचेही पाय अडखळतात. सोबत चालणाऱ्याने दुखऱ्या पायाच्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. साकीनाक्याहून फार लांब नसलेल्या जुहूच्या किनाऱ्यावर १९३७ साली काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात लहानगा नातू गांधीजींच्या काठीचे पुढचे टोक धरून चालला आहे. ते चित्र गोड आहे, पण गांधीजींचे पाय त्या वेळी ठणठणीत होते. खुबा दुखणाऱ्या आजीची काठी नातवाने अशी ओढू नये.

जिने, फरशी आणि चिखल

साकीनाक्याचे मेट्रोस्थानक जमिनीपासून बरेच उंच आहे. वर्सोवा ते घाटकोपर हा मार्ग ८ जून २०१४ रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून गावाकडच्या पाहुण्यांनाही त्या जिन्यांची ओळख झाली. काठीवाल्याने तेथे उद्वाहनाचा, म्हणजे लिफ्टचा उपयोग करावा. त्यात कमीपणा नाही. सरकता जिना काठी घेऊन चढणे धोक्याचे आहे, कारण पायरी आणि काठी यांचा मेळ बसण्यापूर्वीच पायरी पुढे सरकते.

चाळीच्या जिन्याला मात्र पर्याय नसतो. त्यासाठी पाठ करण्यासारखा नियम असा: चढणीला धडका पाय पुढे, उतरणीला दुखरा पाय पुढे. चढताना चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवावा आणि मग काठी व दुखरा पाय त्याच पायरीवर आणावेत. उतरताना आधी काठी व दुखरा पाय खाली जावेत, मागून चांगला पाय यावा. याचे कारण उघड आहे. शरीर वर उचलण्याचे काम वरच्या पायरीवरील पाय करतो आणि उतरताना शरीर सावकाश खाली सोडण्याचे कामही वरच राहिलेल्या पायालाच करावे लागते. दोन्ही वेळा ते कष्ट चांगल्या पायाच्या वाट्याला यावेत, एवढाच या नियमाचा हेतू. कठडा असेल तर एक हात कठड्यावर व काठी दुसऱ्या हातात. येथे कठडा कोणत्या बाजूला आहे हे महत्त्वाचे, काठीची बाजू दुय्यम. बसमध्ये चढता-उतरताना, घराचा उंबरठा ओलांडताना हाच क्रम ठेवावा.

माणसे बहुधा पडतात ती रस्त्यावर नव्हे, मोरीत व न्हाणीघरात. साबणाचे पाणी सांडलेल्या फरशीवर काठीचे रबरही घसरते. तेथे भिंतीत पक्का दांडा बसवून घेणे हा खरा उपाय आहे. रात्री उठल्यावर दिवा हाताशी असावा आणि काठी उशाशी उभी करून ठेवलेली असावी; खाटेखाली सरकलेली काठी शोधताना तोल जातो. पावसाळ्यात छत्रीचाच टेकू घेण्याची सवय कोकणी माणसाला आहे. छत्रीची लांबी त्याच्या मापाची नसते, टोक लोखंडी व निमुळते असते, आणि काड्या भार सोसण्यासाठी केलेल्या नसतात. पाऊस असेल तर अंगावर पावसाळी कोट घालावा व हातात काठीच असावी. तुंबलेल्या पाण्यातून जाण्याची वेळ आलीच तर पुढील जमीन आधी काठीने चाचपावी.

आता गावाकडे वळू. समजा, सत्तरीच्या घरातील एखादी आजी चार महिने साकीनाक्यास मुलाकडे राहिली, उजव्या खुब्यासाठी औषध घेतले, डाव्या हाती काठी धरावयास शिकली आणि मृगाच्या आधी गावी परतली. मुंबईच्या फरशीवर उत्तम चालणारी तिची रबरी बुचाची काठी खाचरात उपयोगी पडणार नाही. ओल्या चिखलात बूच रुतते, वर ओढताना निसटून आतच राहते आणि उघडी काठी आणखी खोल जाते. यासाठी दोन काठ्या असाव्यात. घरातील रबराची; शेताकडे जाण्यासाठी वेगळी, टोकाला लोखंडी शेंबी बसविलेली. ही शेंबीची काठी घरातील लादीवर कधीही आणू नये.

बांधावरून किंवा उतारावरून चालावयाचे असेल तर गुराख्याची छातीएवढी लांब काठी बरी पडते. उतरताना ती आपल्या खाली टेकवता येते, गवतातील जनावर आधी तिला लागते आणि थांबल्यावर दोन्ही हातांनी तिचा आधार घेता येतो. धनगर तासन्‌तास तिच्यावर रेलून उभे राहतात. परंतु खुब्यावरचा भार कमी करण्याचे काम ती मनगटाएवढ्या काठीइतके करीत नाही; उंच हाताने खाली दाबण्यास जोर मिळत नाही. म्हणून उतारापुरती लांब काठी आणि सपाटीवर मापाची काठी, असा भेद ठेवावा. चिखलणीत उतरणे, डोक्यावर वैरणीचा भारा घेणे आणि उकिडवे बसून तासन्‌तास रोप उपटणे मात्र या आजीने सोडलेले बरे. लावणीचे दिवस आले की घरात कोणी मोकळे नसते, सारे गाव खाचरात असते, आणि बांधावर नुसते बसून राहणे जन्मभर शेतात राबलेल्या बाईला खुब्याच्या कळेपेक्षाही जड जाते. हे घरच्यांनी ओळखून तिला बसून करण्याजोगे काम द्यावे. रोपांच्या मुठी उंच पाटावर बसून बांधता येतात, बियाणे निवडता येते.

हातात काही न्यावयाचेच असेल तर ते हलके असावे आणि दुखऱ्या बाजूच्या हातात असावे. हेही पुष्कळांना उलटे वाटेल. पण कावडीचे गणित आठवले म्हणजे लक्षात येईल की त्या बाजूचे ओझे स्नायूंच्या मदतीला जाते, तर विरुद्ध बाजूचे ओझे खुब्याचा भार कितीतरी पट वाढविते. पाण्याची भरलेली घागर मात्र कोणत्याच बाजूला नको.

काठीने भागत नाही तेव्हा

काठी दुखणे हलके करते, बरे करीत नाही. कुशीवर निजून, दुखरा पाय वर येईल अशा रीतीने तो सरळ ठेवून सावकाश उचलणे व खाली आणणे, हा खुब्याच्या बाहेरील स्नायूंसाठी चांगला व्यायाम आहे. तो भौतिकोपचारतज्ज्ञांकडून समक्ष शिकून घ्यावा. मुंबईत हाजीअली येथे १९५५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. जिल्हा रुग्णालयांतही चौकशी करावी.

काही लक्षणे अशी आहेत की काठी शोधत न बसता रुग्णालय गाठावे. पडल्यानंतर पायावर उभे राहता येत नसेल, पाय आखूड दिसत असेल व पावला बाहेर वळला असेल, तर खुब्याजवळचे हाड मोडले असण्याचा मोठा संभव असतो. अशा माणसाला चोळू नये, ओढू नये, चालवून पाहू नये. ‘मुका मार आहे, दोन दिवसांत उतरेल’ असे म्हणून म्हाताऱ्या माणसांना आठवडाभर खाटेवर ठेवण्याची चाल घातक आहे. या मोडीवर शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितके हिंडू-फिरू लागण्याची आशा अधिक. खुब्याच्या दुखण्याबरोबर ताप येणे, विसावा घेतानाही रात्रभर ठणका लागणे, पायात बधिरपणा किंवा लघवीवरील ताबा जाणे, हीही ताबडतोब डॉक्टरांना दाखविण्याची लक्षणे होत. तरुण माणसाचा खुबा महिनोन्‌महिने दुखत असेल तर तो वाताचा समजून दुर्लक्ष करू नये. दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड औषधे किंवा मद्यपान यांमुळे खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो व हाड खचते. ते वेळीच कळले तर सांधा वाचविण्याचा प्रयत्न करता येतो.

काठीसाठी पैसा नाही ही अडचण आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. २०१७ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय वयोश्री योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील वृद्धांना काठी, कुबडी, चष्मा, श्रवणयंत्र यांसारखी साधने देणे हा तिचा उद्देश असून साधने कानपूरच्या कृत्रिम अंग निर्माण निगमाकडून येतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली ६५ वर्षांवरील व वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असणाऱ्या ज्येष्ठांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली. तीत साधनांच्या खरेदीसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात जमा करण्याची तरतूद करण्यात आली. सध्याच्या अटी व अर्ज यांबाबत जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारावे.

घरची काठी

बांधावर बांबू असणाऱ्याने काठी विकत का घ्यावी, हाही प्रश्न आहेच. त्यासाठी पोकळ कळक उपयोगाचा नाही. कोकणातील माणगा व विदर्भातील मानवेल हे जवळजवळ भरीव असतात व भार सोसतात. (२०१७ साली भारतीय वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनेतर जमिनीवरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे आपल्या बांधावरची काठी तोडण्याबद्दल मनात शंका बाळगण्याचे कारण नाही.)

काठी तीन-चार वर्षांच्या जून कोंबाची घ्यावी. ओळख अशी, की कोवळ्या बांबूवरची पांढरट भुकटी व पेरांवरील वेष्टने गळून गेलेली असतात आणि बोटाने ठोकले असता आवाज भरीव येतो. तोड दिवाळीनंतर, थंडीच्या दिवसांत करावी. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत पिठूळ अंश अधिक असतो व त्यावर भुंगेरा पडतो. काठी उभी असते तेथे पिवळसर पूड साचू लागली की आत कीड शिरली असे समजावे व ती काठी आधारासाठी वापरू नये. वरून धड दिसणारी पोखरलेली काठी ऐन जिन्यावर दगा देते. तोडलेली काठी दोन ते चार आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावी, मग सावलीत उभी करून दोनएक महिने सुकू द्यावी. उन्हात घाईने सुकविलेली तडकते.

जाडी दोन ते अडीच सेंटिमीटर असावी, पेरे जवळजवळ असलेले बरे. माप घेऊन खालचे टोक पेराच्या लगत खाली कापावे, म्हणजे शेंबी अगर बूच भक्कम बसते. वरच्या टोकाला सुताराकडून सागाची किंवा शिसवीची आडवी मूठ बसवून घ्यावी व नुसत्या खिळ्यावर भरवसा न ठेवता कूस करून ती घट्ट करावी. वापरण्यापूर्वी घरातील सर्वांत वजनदार माणसाने काठीवर दोन्ही हातांनी भार देऊन पाहावा. मग कानशीने पेरांच्या कडा घासून जवसाच्या तेलाचा हात द्यावा. वर्षातून एकदा, लावणी उरकून हत्यारांना तेल द्यावयाचे असते त्या वेळी, काठीलाही तेल द्यावे आणि बूच उलटे करून पाहावे.